चारही इंजिनं बंद पडली तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

विमानाला आभाळात कोण धरून ठेवतं असं विचारलं, की बहुतेक जण चटकन सांगतात, इंजिन. पण विमानाला धरून ठेवतात ते त्याचे पंख. इंजिनाचं काम त्याला पुढे ढकलण्याचं. पुन्हा सांगतो, पंख धरतात, इंजिन ढकलतं.

पंख हे करतात कसं? तुमच्या डोक्यावरच्या पंख्याची पाती किंचित तिरकी असतात, म्हणूनच हवा खाली येते. विमानाचा पंखही समोरची कड जराशी वर धरून हवेत घुसतो. हवा त्याच्या अंगाने वळते आणि मागे खाली लोटली जाते. पंखाने हवेला खाली लोटलं, की हवा पंखाला वर लोटते. न्यूटनचा तिसरा नियम. हे घडताना पंखाच्या वरचा दाब कमी असतो, खालचा जास्त. दोन्ही एकच गोष्ट आहे.

इथे एक बोलल्यावाचून राहवत नाही. पंखाच्या वरून आणि खालून जाणारी हवा मागच्या टोकाला एकाच वेळी पोचायला हवी, म्हणून वरची हवा जोरात धावते, असं अजूनही मुलांना शिकवलं जातं. हे साफ चूक आहे. वरची हवा तर खालच्या हवेच्या आधीच पोचते. प्रयोगशाळेत धूर सोडून पाहिलं, की हे डोळ्यांना दिसतं. शिक्षकांनो, हे फळ्यावरून पुसा. खोटं कारण पाठ करून गुण मिळाले, की मूल पुढचा प्रश्न विचारायचंच थांबतं.

आता जी हकीकत सांगायला मी मुद्दाम आलोय, ती ऐका. तारीख २४ जून १९८२. ब्रिटिश एअरवेजचं ९ क्रमांकाचं उड्डाण, बोइंग ७४७. लंडनहून ऑकलंडला निघालेलं हे विमान वाटेत आपल्या मुंबईला थांबून गेलेलं. आत २४८ प्रवासी आणि १५ कर्मचारी. रात्रीच्या अंधारात, जावा बेटाच्या दक्षिणेला, ३७,००० फुटांवर समोरच्या काचेवर ठिणग्या नाचू लागल्या. केबिनमध्ये धूर, गंधकाचा वास. इंजिनांच्या तोंडाशी विलक्षण उजेड. आधी चौथं इंजिन बंद पडलं, मग दुसरं, आणि पाठोपाठ उरलेली दोन्ही.

कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं ते असं: छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडली आहेत, ती सुरू करायची आम्ही पराकाष्ठा करतोय, तुम्हाला फार त्रास होत नसेल अशी आशा आहे. इतकं शांतपणे!

आणि विमान? ते दगडासारखं कोसळलं नाही. नाक जरा खाली झुकवलं, की विमानाचं स्वतःचं वजनच त्याला पुढे ओढतं, वेग टिकतो, आणि वेग आहे तोवर पंख आपलं काम करत राहतात. हे अवाढव्य ७४७ एक किलोमीटर खाली येईपर्यंत सुमारे पंधरा किलोमीटर पुढे जातं. एक खाली, पंधरा पुढे. म्हणजे त्या उंचीवरून हातात वीसएक मिनिटं होती.

पण जकार्ता गाठायचं तर वाटेत जावाचे डोंगर होते. ते ओलांडता आले नाहीत, तर काळोखात समुद्रावर उतरायचं. खाली येता येता इंजिनं सुरू करण्याचे प्रयत्न चाललेलेच. सुमारे साडेतेरा हजार फुटांवर चौथं इंजिन पेटलं. मग एकेक करत बाकीचीही. समोरची काच इतकी घासली गेली होती, की तिच्यातून जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. तरीही विमान जकार्ताला उतरलं. सगळे सुखरूप.

झालं होतं काय? गालुंगगुंग ज्वालामुखीची राख. विमानाच्या रडारला पावसाचे थेंब दिसतात, कोरडी राख दिसत नाही. ती इंजिनाच्या धगीत वितळून आत चिकटली आणि हवेची वाट अडली. इंजिनं थंड झाल्यावर ही राख कडक होऊन झडली, म्हणून इंजिनं पुन्हा पेटली. आज ज्वालामुखीच्या राखेवर लक्ष ठेवून वैमानिकांना सावध करणारी केंद्रं जगभर आहेत.

तुम्ही विमानाने गेलात, तर उतरायला लागल्यावर कान द्या. आवाज मंदावतो, कारण इंजिनांची शक्ती अगदी कमी केलेली असते आणि विमान बरंचसं अंतर घसरत येतं. घाबरू नका. पंखाच्या मागची खिडकी मागा, आणि कृपा करून तिचा पडदा ओढून फोन पाहत बसू नका. बरोबर मूल असेल, तर ती जागा त्याला द्या. जमीन जवळ आली, की पंखाच्या मागच्या कडेतून फळ्या सरकत बाहेर येतात आणि खाली वाकतात. वेग कमी झालेला असतो, तेव्हा तेवढंच वजन धरायला पंख मोठा आणि जास्त वाकडा करावा लागतो. मुलाला ते दाखवा.