मिस्टर ग्रँट आणि पन्नास डॉलर

मंडळी, नमस्कार.

समितीने मला विषय दिला, ‘विनोदी मालिकांमधल्या आदर्श स्त्रिया’. ‘आदर्श’ या शब्दाची मला जरा धास्तीच वाटते. आदर्श बाई कधी चुकत नाही, आणि न चुकणाऱ्या बाईचं विनोदी मालिकेत काम काय?

माझी बाई आहे मेरी रिचर्ड्स. ‘द मेरी टायलर मूर शो’ ही तिची अमेरिकन विनोदी मालिका १९७० ते १९७७ चालली. मेरी तिशीची, एकटी राहणारी, मिनियापोलिसमधल्या एका टीव्ही स्टेशनच्या बातमी विभागात नोकरी करणारी. निर्मात्यांना ती घटस्फोटित दाखवायची होती, पण सीबीएस या वाहिनीला ते झेपेना. मग तिचं ठरलेलं लग्न मोडलं असं दाखवलं. म्हणजे ठरलेलं मोडलं तर चालेल, लागलेलं नको!

ऑफिसात बाकीचे साहेबांना ‘लू’ म्हणतात. ही मात्र ‘मिस्टर ग्रँट’. अहो-जाहोत वाढलेल्या आपल्याला यातली गंमत सांगायला नको. १९७२च्या एका भागात तिला कळतं, की आपल्या आधी हेच काम करणाऱ्याला आठवड्याला पन्नास डॉलर जास्त मिळत होते. ती जाऊन विचारते, का? तर तो पुरुष होता म्हणून. लू हे इतक्या सहज सांगतो, की जणू बाहेर पाऊस पडतोय. वर पुस्ती जोडतो, त्याला संसार होता. मेरी चाचरते, पण मुद्दा सोडत नाही. मग तीन मुलांच्या बापाला दोन मुलांच्या बापापेक्षा जास्त पगार का देत नाही? समान वेतनाचा कायदा अमेरिकेत १९६३ सालीच झाला होता, हे लक्षात ठेवून तो प्रसंग बघा.

१९७२मध्येच ‘मॉड’ या मालिकेतली मॉड सत्तेचाळिसाव्या वर्षी गर्भपाताचा निर्णय घेते. तिचा आवाज घरभर घुमणारा, तिला चाचरणं माहीत नाही. वीस वर्षांनी ‘मर्फी ब्राउन’ मालिकेतल्या मर्फीने लग्नाशिवाय मूल वाढवायचं ठरवलं, तेव्हा खुद्द अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी भाषणात तिच्यावर टीका केली. मालिकेतल्या बाईशी भांडणारा उपराष्ट्राध्यक्ष! कुठल्याही लेखकाला याहून मोठी पावती कोण देणार?

या दोघी मला आवडतात, पण मला त्यांच्यासारखं होता आलं नाही. मी मेरीच्या जातीची. माझ्या पहिल्या नोकरीत, मीच कामाला लावलेल्या मुलाचा पगार माझ्यापेक्षा जास्त निघाला. कुठली कंपनी ते सोडा. तीन दिवस मी आरशासमोर वाक्यं घोकली. केबिनमध्ये गेल्यावर सगळी विसरले. दोनदा ‘सॉरी सर’ म्हटलं, घसा कोरडा पडला, आणि तरीही आकडा तोंडातून बाहेर पडला. तिसऱ्यांदा सॉरी म्हणणार, तेवढ्यात सरांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला.