पिल्लांचं बोलणं

श्रोतेहो, नमस्कार.

अंड्यातून बाहेर यायच्या आधीच कोंबडीचं पिल्लू बोलायला लागतं. कवचाच्या आतून बारीक चिवचिव ऐकू येते आणि रवणावर बसलेली कोंबडी हलकेच कुडकुडून तिला उत्तर देते. एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू बाहेर येतं, तोवर मायलेकरांची ओळख झालेली असते. परसात कोंबड्या पाळायच्या म्हणून आपण जी पिल्लं विकत आणतो, त्यांच्याजवळ मात्र ही आई नसते. तिची जागा आपल्याला घ्यावी लागते. खाऊपिऊ घालणं आलंच, पण त्याआधी तिच्यासारखं कान देऊन ऐकायला शिकलं पाहिजे.

पहिली गरज उबेची. पिल्लाच्या अंगावर असते ती नुसती लव. पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःच्या शरीराचं तापमान नीट राखता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब मिळायला हवी, आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी ती कमी करत न्यायची. तापमापक जरूर लावा, पण आधी पिल्लं कुठे बसली आहेत ते बघा. उबेसाठी लावलेल्या दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर चढून बसली असतील आणि वरच्या पट्टीत, न थांबता ओरडत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. अशा ढिगात खालची पिल्लं गुदमरून मरतात, तेव्हा हा आवाज आला की हातातलं काम टाकून उठायचं. सगळी कडेला पळाली असतील, चोची उघड्या आणि पंख अंगापासून सुटलेले असतील, तर दिवा वर घ्या. सगळी एकाच कोपऱ्यात चिकटली असतील, तर कुठूनतरी वाऱ्याचा झोत येतो आहे. आणि पिल्लं इकडेतिकडे विखुरलेली, कुणी खातंय, कुणी पेंगतंय, मधूनमधून समाधानाची मऊ किलबिल, असं असेल तर काहीही बदलू नका.

दिवा नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवू नका. तो साखळीनं पक्का बांधा. खाली कोरडा भुसा असतो, आग लागायला वेळ लागत नाही.

नव्या माणसाला सगळ्यात जास्त घाबरवते ती पिल्लांची झोप. दाणे टिपता टिपता पिल्लू एकदम थबकतं, डोळे मिटू लागतात, मान हळूहळू खाली झुकते आणि ते भुशावर सपाट आडवं होतं. एक पाय मागे ताणलेला, पंख एका बाजूला पडलेला. बघणाऱ्याला वाटतं, गेलं! शेजारच्या पिल्लानं पाय दिला की तेच पिल्लू ताडकन उठतं आणि खायला धावतं. वाढत्या जिवाची झोप अशीच गाढ असते. खरी काळजी करायची ती उभ्याउभ्या पेंगणाऱ्या पिल्लाची: पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले, इतरांपासून बाजूला, दाणा टाकला तरी जागचं हलत नाही.

असं पिल्लू दिसलं की आधी त्याची शेपटीखालची बाजू तपासा. प्रवासानं दमलेल्या किंवा उबेत कमीजास्त झालेल्या पिल्लाची विष्ठा तिथे चिकटून वाळते आणि वाट बंद होते. ओढून काढू नका, कातडी सोलून निघते. कोमट पाण्यानं भिजवून, कापसानं हळूहळू सोडवा, अंग पूर्ण कोरडं करा आणि मगच त्याला परत सोडा.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगतो. अंड्यातला बलक पोटात असल्यामुळे नुकतं जन्मलेलं पिल्लू दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून तग धरू शकतं, पण घरी आल्याबरोबर पाणी आधी. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा, बाकीचं त्याला कळतं. भांडं उथळ हवं, त्यात गोट्या किंवा खडे टाकले की बुडण्याची भीती नाही. खाद्य पिल्लांचंच द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना भरपूर असतो, त्यानं पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात. खाली गुळगुळीत कागद अंथरू नका. त्यावर पाय घसरून फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होऊ शकतं.

दुसऱ्या आठवड्याकडे झुकताना, कधी त्याआधीही, तुम्हाला एक नवल दिसेल. एखादं पिल्लू आडवं पडून पायांनी भुसा उडवतं, पंख हलवून तो अंगावर घेतं, गोल फिरतं, आणि मग उठून झडझडून अंग झटकतं. हे धुळीचं स्नान. आई शिकवायला नसतानाही ते येतं. मोठेपणी याच स्नानानं अंगावरच्या उवा आणि जास्तीचं तेल निघून जातं. मला स्वतःला पिल्लांच्या संगोपनातला हाच भाग फार आवडतो. कोरड्या मातीचं एक पसरट भांडं ठेवा आणि शांतपणे शेजारी बसून बघा.

मग येतात मारामाऱ्या. दोन पिल्लं छाती फुगवून समोरासमोर उभी राहतात, एकमेकांच्या नजरेला नजर भिडवतात, उडी मारतात आणि दुसऱ्याच क्षणी शेजारीशेजारी दाणे टिपू लागतात. कोण वरचढ, कोण खाली, हे यातून ठरत असतं. कोंबड्यांमधल्या या चोचीच्या उतरंडीचा अभ्यास नॉर्वेचे थोरलीफ शेल्डरूप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडला. यात तुम्ही पडू नका. मात्र एकालाच सगळे टोचताहेत, पिसं उपटली जाताहेत, रक्त दिसतंय, तर तो खेळ नव्हे. दाटी, जास्त उष्णता, डोळ्यांवर येणारा प्रखर उजेड ही त्याची नेहमीची कारणं. जखमी पिल्लाला लगेच वेगळं काढा, कारण रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीची पिल्लं तिथेच टोचत राहतात.

तिसऱ्या आठवड्यापासून विष्ठेवर नजर ठेवा. रक्त दिसलं आणि पिल्लं मलूल झाली, तर रक्ती हगवणीचा संशय घ्या आणि त्याच दिवशी पशुवैद्याला गाठा. हा रोग ओल्या भुशात फोफावतो, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचा भुसा रोज बदला. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस केव्हा द्यायची तेही पशुवैद्यालाच विचारा. आणि पिल्लं हाताळल्यावर मुलांचे हात साबणानं धुवायला लावा. निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या अंगावरही पोट बिघडवणारे जंतू असतात.

पाच-सहा आठवड्यांत अंगावर पुरती पिसं येतात. हवा बरी असेल तर आता बाहेरचं खुराडं दाखवायचं. एखादं पिल्लू मान तिरकी करून एका डोळ्यानं आभाळाकडे टक लावेल, एक लांबट, बारीक आवाज काढेल आणि सगळी जागच्या जागी गोठतील. तेव्हा तुम्हीही वर बघा. तिथे घार किंवा ससाणा फिरत असू शकतो. म्हणूनच पहिले काही आठवडे त्यांना जाळीच्या छपराखालीच चरू द्या, आणि अंधार पडायच्या आत सगळी दांडीवर चढली की मोजून दार लावा.

नमस्कार.