गुळाची गाडी आणि अ‍ॅव्हरेजचा हिशेब

(दृश्य: शाहू मार्केट यार्ड, कोल्हापूर. हमालांच्या खांद्यावरून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, गाडीत चढताहेत.)

कोल्हापूरचं शाहू मार्केट यार्ड. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघाले, की पुढचे चार-पाच महिने इथल्या हवेतून गुळाचा वास हलत नाही. बराचसा गूळ गुजरातच्या वाटेला लागतो. ही गाडी मात्र नवी मुंबईतल्या वाशीला जाणारी.

तीस किलोचा एकेक रवा. फाळक्यापाशी एक हमाल देणारा, हौद्यात दुसरा घेणारा. थप्पी लावताना वजन पुढच्या आणि मागच्या धुरांवर बेतानं वाटावं लागतं. मागं जास्त झालं तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हाताला लागत नाही. वरून ताडपत्री. ती ओढून बसवायला ड्रायव्हर स्वतः वर चढतो. गुळाला दमट हवा चालत नाही, हे एक कारण. दुसरं कारण त्याच्या खिशातलं आहे: सैल ताडपत्री रस्त्यावर फडफडत राहिली, तर वारा गाडीला मागं ओढतो आणि डिझेल खातो.

(दृश्य: यार्डाबाहेर उभ्या गाड्यांची रांग. केबिनमध्ये गमछा ओला करून टाकलेला.)

दहाचाकी गाडी. मालासकट अठ्ठावीस टनांची. २०१८ साली केंद्र सरकारनं धुरांवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हा दहाचाकीच्या वाट्याला सुमारे तीन टन जादा आले. भाडं टनावर ठरतं, त्यामुळे हे तीन टन मालकाला हवेच असतात.

सकाळी नंबर लावलेली गाडी दिवस कलल्यावर भरून होते. या उभ्या तासांना धंद्यात हॉल्टिंग म्हणतात. त्याचे पैसे मिळतात ते कागदावर, आणि मिळालेच तर मालकाला. ड्रायव्हरला फेरीचे पैसे असतात, तासाचे नाहीत. त्याच्या वेगाबद्दल आपण रस्त्यावर जे काही बोलतो, त्याची सुरुवात इथं होते, गाडी एक इंचही हललेली नसताना.

(दृश्य: डॅशबोर्ड जवळून. आकड्यांच्या तबकडीवरची हिरवी पट्टी, थरथरता काटा.)

या तबकडीकडे नीट पाहा. ही वेग दाखवत नाही, इंजिनाचे फेरे दाखवते. साधारण बाराशे ते सोळाशे फेऱ्यांमध्ये इंजिनाची ओढ चांगली आणि तहान कमी, म्हणून तेवढा भाग हिरवा रंगवलेला. काटा या पट्टीत ठेवणं, हीच अ‍ॅव्हरेजची सगळी विद्या. मालक फेरीचं डिझेल बांधून देतो. समजा लिटरला चार किलोमीटर धरले. कोल्हापूर ते वाशी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चौऱ्याण्णव लिटर. ड्रायव्हरनं साडेचारचं अ‍ॅव्हरेज काढलं, तर त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी लिटरमध्ये भागतं. वाचले दहा लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तरी नऊशे रुपये, आणि हे नऊशे त्याचे. डिझेल कमी पडलं, तर तेही त्याच्याच खर्चीतून.

(दृश्य: रात्र. महामार्गावर मागून येणारे दिवे. भाजीचे टेम्पो ओव्हरटेक करून जातात.)

आता शेजारून सुटलेले हे टेम्पो पाहा. टोमॅटो, कोबी, ढोबळी मिरची. यांना पहाटेच्या आधी वाशीत पोचायचं असतं. बाजार उठला की मालाचा भाव पडतो आणि पुढच्या वेळी भाडं दुसऱ्या टेम्पोला जातं. भाजीला वेग परवडतो, किंबहुना भाजीवाला वेगाचेच पैसे देतो. गुळाला कसली घाई? २०१५च्या ऑक्टोबरपासून बनलेल्या मालवाहू गाड्यांना ताशी ऐंशीवर वेग बांधणारं यंत्र सक्तीचं आहे, पण आपली गाडी साठ-बासष्टच्या वर जातच नाही. वेग दीडपट केला, तर वाऱ्याचा रेटा सव्वादोनपट होतो. हे गणित त्याला कुणी शिकवलेलं नाही, त्याचं त्याला टाकीतून कळलेलं आहे. आणि मिळतं काय? मोकळ्या रस्त्याचे दोनशे किलोमीटर साठऐवजी पंचाहत्तरनं मारले, तर चाळीस मिनिटं वाचतात. यार्डात गेलेला दिवस चाळीस मिनिटांनी भरून निघत नाही. तो भरून निघतो झोपेतून.

किणी, तासवडे, आनेवाडी. फास्टॅगमुळे टोलवर सुट्ट्या पैशांची हुज्जत संपली, पैसे जातातच.

(दृश्य: खंबाटकीचा चढ. इंजिनाचा आवाज. गियर बदलणारा हात.)

साताऱ्याकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्या खंबाटकीच्या बोगद्यातून जातात. बोगद्यापर्यंतचा हा चढ. आवाज ऐका. चढ सुरू व्हायच्या आधीच त्यानं गाडीला थोडी दौड दिली. आता काटा खाली येतोय. तो हिरव्या पट्टीतून पडायच्या आत गियर खाली. पुन्हा एक खाली. उशीर झाला तर इंजिन गुदमरतं, मग आणखी दोन गियर उतरावे लागतात आणि डिझेल धुरातून जातं. घाई केली तर उगाच फेरे वाढतात. मधला जो क्षण आहे तो कानानं ओळखायचा. ताशी तीस किलोमीटरच्या वेगानं चाललेल्या या गाडीमागं अडकून हॉर्न वाजवणाऱ्या कारवाल्यांनी हा आवाज एकदा काच खाली करून ऐकावा, असं फार वाटतं.

पूर्वी शेजारी क्लीनर असायचा. चढावर गाडी बंद पडली तर उतरून चाकाला दगड लावणारा, रात्री बोलत ठेवणारा. एका माणसाचा भत्ता वाचतो म्हणून आता तो बहुतेक गाड्यांवर नाही.

(दृश्य: कात्रजचा नवा बोगदा, पलीकडचा उतार, खाली पुण्याचे दिवे.)

कात्रजचा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत उतार. इथं काही गाड्या न्यूट्रल होतात, डिझेल वाचतं या जुन्या समजुतीनं. आजच्या इंजिनांत उलटं आहे: गियरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरलं तर डिझेल जवळजवळ पूर्ण बंद होतं; न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. शिवाय इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात. नोव्हेंबर २०२२मध्ये याच उतारावर एका मालवाहू गाडीनं कित्येक वाहनांना धडक दिली, आणि नंतरही इथं माणसं गेली आहेत.

आपली गाडी गियरमध्येच उतरते.

(दृश्य: ढाबा. चहा. गाडीखाली अंथरलेली सतरंजी.)

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालचा कायदा होता, २०२५मध्ये तो नव्या श्रम संहितेत सामावला. दिवसाला आठ तास काम. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिनही सक्तीची झाली. केबिन थंड करणारा नियम कंपनीच्या कारखान्यात तपासता येतो. आठ तास कोण मोजणार, यार्डातले धरून की सोडून?

(दृश्य: बोरघाट, पहाट. कॅमेऱ्यांच्या कमानी. मग कळंबोली.)

द्रुतगती मार्गावर २०२४पासून वेग पकडणारे कॅमेरे आहेत. घाटात एक्झॉस्ट ब्रेकचा, म्हणजे इंजिनाचा धूर कोंडून गाडी हळू करणाऱ्या ब्रेकचा, हा घरघराट; तोही गियरमध्ये असल्याशिवाय काम करत नाही. वाशीत गूळ उतरला. पोच पावतीवर शिक्का बसला. रिकामी गाडी परत नेणं म्हणजे डिझेल आणि टोल पदरचा, म्हणून मुक्काम कळंबोलीच्या लोखंड बाजारात. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, भंगार लागतं, पिग आयर्न म्हणजे कच्चं लोखंड लागतं. दलाल फोनवर भाडं सांगतो. आज घेतलं तर कमी, उद्या कदाचित थोडं जास्त; पण उद्यापर्यंतचं जेवण स्वतःचं आणि गाडीचा हप्ता मालकाच्या डोक्यावर. फोनवर दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा हो.

लोखंड भरलेली हीच गाडी आता समुद्रसपाटीवरून खंडाळा चढेल, आणि कोल्हापूर तर समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंचावर. येताना बराचसा उतार होता, जाताना तेवढाच चढ. बांधून दिलेलं अ‍ॅव्हरेज मात्र दोन्हीकडे चारच, आणि येताना वाचवलेले दहा लिटर बोरघाटातच संपायला लागतात.