दिवसा घरात असलेला नवरा

ऐतिहासिक प्रेमकथा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आधी गोरा साहेबच येतो. घोड्यावरून उतरतो, नायिका घाटावर असते, नजरानजर होते. हसू नका, माझ्याही पहिल्या खर्ड्यात तो होता. एका कॅप्टनाला मी ऐंशी पानं पोसलं आणि मग काढून टाकलं.

माझ्या कादंबरीतलं पुणं १८१८चं आहे. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली, १७ तारखेला शहर इंग्रजांच्या हाती गेलं. पुढच्या जूनमध्ये शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव कंपनीच्या माल्कम या अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाले आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताची वाट धरली. अशा शहरात साहेबाला ‘नाही’ म्हणायची सोय कुठल्या बाईला होती? यावर मला हैदराबादच्या दरबारातला कंपनीचा वकील, म्हणजे रेसिडेंट, कर्कपॅट्रिक आणि त्याची बायको खैरुन्निसा यांचा दाखला देतात. प्रेम असेलही तिथं. पण १८०५ साली त्यांची दोन्ही मुलं विलायतेला धाडली, ती आईला पुन्हा दिसली नाहीत. हा शेवट लिहायची तयारी नसेल तर सुरुवातही लिहू नये, असं माझं मत झालं.

साहेब गेला, मग प्रेम करायचं कोणी? ब्राह्मणवाड्यातली मुलगी आठव्या-नवव्या वर्षी उजवली जायची. म्हणजे लग्नाआधीच्या प्रेमाला जागाच नाही. बरेच दिवस अडून बसले होते. मग लक्षात आलं की प्रेमकथा लग्न होऊन बारा वर्षं झालेल्या नवरा-बायकोची असू शकते. तो दिवसभर बाहेर नाहीतर ओसरीवर, ती माजघरात. वडीलधाऱ्यांसमोर बोलायचं नाही. गाठ पडायची ती दिवा मालवल्यावर.

माझा नायक पेशव्यांच्या दफ्तरातला कारकून. राज्य बुडालं, चाकरी गेली, आणि हा माणूस दिवसा घरात दिसायला लागला. नव्या मुलखाचा कारभार बघणाऱ्या एल्फिन्स्टनने इनामं, वतनं बरीचशी चालू ठेवली, पण याच्याकडे ना इनाम ना वतन. बायकांची पंचाईत: पुरुषमाणूस घरात, मोकळेपणानं बोलायचं कसं? आणि त्याला एके दुपारी, उन्हाच्या तिरिपेत, तिच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसतो. बारा वर्षांत पहिल्यांदा.

“हे कधी झालं?”

“इकडून पंढरपुरास जाणं झालं होतं. शास्त्रीबावांचा घात झाला, त्या आषाढात.”

शास्त्रीबावा म्हणजे बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री; त्यांचा पंढरपुरातला खून १८१५चा. म्हणजे तीन वर्षं. तो हिशेब तोच करतो, ती काही बोलत नाही. ‘इकडून जाणं झालं’ हे आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडचं. नाव नाही, ‘तुम्ही’ नाही, कर्ताच गायब. मला आधी ही भाषा अडचणीची वाटायची. आता वाटतं, ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याच्याभोवती अख्खं वाक्य फिरवायचं, याहून लाडीक दुसरं काय असणार!

तपशिलाचं एक सांगते. पहिल्या खर्ड्यात नायिका काडेपेटीनं समई लावत होती. घासून पेटणारी काडी विलायतेतच १८२६च्या सुमारास निघाली! मी कपाळावर हात मारला. पण काडेपेटी काढली आणि फायदाच झाला. चूल विझली की गोवरी घेऊन शेजारी विस्तव आणायला जावं लागतं. तिला घराबाहेर पडायचं निमित्त मिळालं, आणि शहरातल्या बातम्या विस्तवाबरोबर माजघरात यायला लागल्या. कलेक्टर रॉबर्टसनच्या कचेरीत मोडी जाणणारे कारकून हवेत, हेही तिलाच आधी कळतं. चार दिवस ती ते पोटात ठेवते. का, त्यावर माझी दोन प्रकरणं खर्ची पडली आहेत.

शेवटी तो निघतो. पागोटं बांधून उंबऱ्यापाशी थांबतो आणि विचारतो, “जाऊ?” बायकोला विचारायची ही त्याची पहिलीच वेळ. तिचं उत्तर ठरलेलं आहे, “इकडची मर्जी.” ते कुठल्या सुरात म्हणते, हे मात्र ठरत नाही. तीन सूर लिहून पाहिले, तिन्ही खोडले. सध्या ती दह्याची वाटी हातात धरून उभी आहे.