कंठापाशी आलेली भीती

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी माझ्या मानेत थायरॉईडची गाठ निघाली. सुईने तपासणी झाली आणि तिचा अहवाल खाकी पाकिटातून घरी आला. ते पाकीट मी देवघराच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्यामागे ठेवले आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. त्या दोन दिवसांत मी मनातल्या मनात शस्त्रक्रिया करून घेतली, मुलीच्या लग्नाची जबाबदारी धाकट्या दिरांवर सोपवली आणि कपाटातल्या साड्यांची वाटणीसुद्धा केली. मन चिंती ते वैरी न चिंती, असे म्हणतात ते उगाच नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू उघडलं नाहीस म्हणून आतलं अक्षर बदलणार आहे का?"

वाघासमोर उभे राहण्याचे धैर्य आपल्यापैकी फारच थोड्यांना लागते. रोज लागते ते असे पाकीट उघडण्याचे, मध्यरात्री वाजलेला फोन उचलण्याचे, थकलेल्या हप्त्याबद्दल बँकेत जाऊन बोलण्याचे. आणि या धैर्याला कोणी शाबासकी देत नाही.

आमच्या घरी तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणतात. लहानपणापासून पाठ असलेले ते स्तोत्र त्या संध्याकाळी मी प्रथमच नीट ऐकले. त्यातले कवच 'मला सांभाळ' एवढे म्हणून थांबत नाही. ते डोक्यापासून निघते, कपाळ, डोळे, कान, नाक, मुख, जीभ असा एकेक अवयव घेत पायांपर्यंत उतरते आणि प्रत्येक अवयव रामाच्या वेगळ्या नावावर सोपवते. डोळे कौसल्येच्या मुलाकडे, पाय बिभीषणाला वैभव देणाऱ्याकडे. 'कण्ठं भरतवन्दितः' या शब्दांवर माझा हात आपोआप मानेकडे गेला आणि लक्षात आले, की दोन दिवस घरभर पसरलेली माझी भीती सुपारीएवढ्या जागेत मावणारी होती.

यात शरीराचाही भाग आहे. भीती वाटली की छाती धडधडते आणि श्वास आखूड होतो. अनुष्टुभ छंदाच्या एका ओळीत सोळा अक्षरे असतात. ती एका दमात, सावकाश म्हटली की उच्छ्वास लांबतो आणि नाडी हळूहळू ताळ्यावर येते. देव न मानणाऱ्याने नुसते श्वास मोजले तरी हे साधते. मला मात्र मोजण्यापेक्षा कोणाच्या तरी हाती सोपवणे सोपे गेले.

फलश्रुती काहीही सांगो, श्रद्धेकडे मी हमीपत्र म्हणून पाहत नाही. खुद्द रामाला चौदा वर्षांचा वनवास चुकला नाही. मग त्याचे नाव घेणारीची गाठ साधीच निघेल, असे मी कोणत्या तोंडाने मागावे? मला पाकीट उघडण्यापुरते बळ हवे होते, तेवढे मिळाले. आणि भीती आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप आणि अन्न तोडत असेल, तर स्तोत्राच्या जोडीला डॉक्टरही हवेत. केंद्र सरकारने 2022 साली सुरू केलेल्या टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर मनाच्या अशा त्रासाबद्दल विनाशुल्क बोलता येते. तो क्रमांक फिरवणे हेही पाकीट उघडण्यासारखेच अवघड असते, याची मला कल्पना आहे.

माझी गाठ साधी निघाली. थायरॉईडच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे मला नंतर कळले. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली, तेव्हा आदल्या रात्री पोटात तसाच गोळा आला. या वेळी मात्र मी अहवाल घरी आणलाच नाही. चष्मा विसरले होते, म्हणून तिथल्या खिडकीशी अहवाल देत बसलेल्या मुलीलाच तो वाचायला सांगितला. गाठ होती तेवढीच होती. नेमकी ती ओळ तिला सापडेपर्यंत माझी रामरक्षा जिव्हेपाशी पोचली होती. कंठ अजून यायचा होता.