स्वस्त, विटकरी आणि दुर्लक्षित : पोलंडमधलं वूच

(दृश्य : धावत्या रेल्वेच्या खिडकीतून सपाट शेतं. गाडी बोगद्यात शिरते.)

वॉर्सॉहून नैऋत्येला निघालेली गाडी सव्वा-दीड तासात जमिनीखाली शिरते आणि तिथेच थांबते. सरकत्या जिन्याने वर आलं, की एका बाजूला 2016 साली उघडलेलं काचेचं नवंकोरं स्टेशन आणि त्याला खेटून 1907 सालचं विटांचं वीजघर. वीज तिथे आता तयार होत नाही. आत तारांगण आहे, विज्ञान केंद्र आहे. या शहराचा स्वभाव इथेच कळतो. जुनं पाडायचं नाही, त्यात काहीतरी वेगळं सुरू करायचं.

शहराचं नाव नकाशावर वाचायला गेलात तर ‘लोड्झ’ असं काहीतरी वाचाल. तिकीट खिडकीवर ‘वूच’ म्हणा, म्हणजे तिकीट मिळेल.

पोलंडला जाणारे पर्यटक क्राकोला जातात, वॉर्सॉला जातात. वूचला कोणी सहसा जात नाही, आणि त्याला कारणं आहेत. इथे कुठल्या राजाचा राजवाडा नाही, किल्ला नाही, मध्ययुगीन चौक नाही. नदीकाठ म्हणावा तर ओढ्यांएवढ्या नद्या, त्याही बऱ्याचशा जमिनीखालच्या नळांतून वाहतात. मग जायचं कशाला? तर गिरण्या बघायला.

पोलंड म्हटलं की आपण कोल्हापूरच्या वळिवड्याची, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांची छावणी आठवतो. ते नातं मोठंच आहे. पण वूचशी मराठी माणसाचं, विशेषतः परळ-लालबागच्या माणसाचं, नातं जुळतं ते भोंग्याचं.

(दृश्य : जुना नकाशा. मग वरून दिसणारा अष्टकोनी चौक.)

1820 साली हे जेमतेम सातशे-आठशे वस्तीचं गाव होतं. पोलंडचा हा भाग तेव्हा रशियन झारच्या अमलाखाली होता. सरकारने ठरवलं, इथे कापड विणायचं. झरे होते, ओढे होते, लाकूड होतं. सॅक्सनी, सायलेशिया, बोहेमियातून विणकरांना जमिनी आणि सवलती देऊन बोलावलं गेलं. अष्टकोनी चौक आखला, तिथून दक्षिणेला सरळसोट रस्ता काढला. लुडविग गायर नावाच्या गिरणीवाल्याने 1830 च्या दशकात पांढऱ्या भिंतींची गिरणी बांधली आणि तिच्यात वाफेचं इंजिन बसवलं. 1850 नंतर रशियाबरोबरची जकातीची भिंत हटली आणि अवाढव्य रशियन बाजारपेठ मोकळी झाली. मग काय विचारता! पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत वस्ती पाच लाखांच्या आसपास गेली. सातशेंचे पाच लाख, आणि तेही शंभर वर्षांच्या आत.

पोलिश, जर्मन, ज्यू आणि वर कारभार बघणारे रशियन. चार भाषा, चार देवळं, आणि सगळ्यांची पाळी एकाच भोंग्यावर.

(दृश्य : क्शेंझी म्विन. लाल विटांच्या दुमजली घरांच्या रांगा, मधे फरसबंदी गल्ली.)

ही वस्ती आहे क्शेंझी म्विन. वूचमध्ये एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर हे बघा. कार्ल शायब्लर हा जर्मन गिरणीमालक. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, युरोपात कापूस मिळेनासा झाला, तेव्हा याच्या गोदामात कापूस होता. त्या पैशातून पुढे 1870 च्या दशकात इथे दोनशे मीटरहून लांब सूतगिरणी उभी राहिली. समोर कामगारांची घरं, शाळा, दवाखाना, दुकान, अग्निशमन केंद्र, आणि थोड्या अंतरावर मालकाच्या मुलीचा बंगला. गिरणीच्या भोंग्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंतचं सगळं आयुष्य मालकाच्या जमिनीवर.

या कामगारघरांना इथे ‘फामुवी’ म्हणतात. एका बिऱ्हाडाला बहुधा एकच खोली, पाणी बाहेरून भरायचं, संडास बाहेर. मराठी प्रेक्षकाला यापुढे समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच, की आपल्या चाळीला लांबलचक सज्जा असतो आणि अख्खी चाळ त्या सज्जात जगते. इथल्या थंडीने तो सज्जा हिरावून घेतला. लोक मागच्या अंगणात जमायचे.

आज या घरांत काही जुनी कुटुंबं आहेत, काही चित्रकारांचे स्टुडिओ आहेत, एखादं कॉफीचं दुकान. ती लांबलचक सूतगिरणी मात्र आता महागड्या फ्लॅटांची इमारत झाली आहे. शहराने सगळं जपलं म्हणजे सगळं कामगारांसाठी जपलं, असा गैरसमज नको.

(दृश्य : मानुफाक्तुराचं विटांचं भव्य प्रवेशद्वार. आत कारंजी, मुलं, सेल्फी.)

आता शहराच्या उत्तरेकडे येऊ. इझ्राएल पोझ्नान्स्की हा ज्यू गिरणीमालक. त्याच्या गिरणीला लागून त्याचा राजवाडा आहे, इतका मोठा की आज त्यात शहराचं संग्रहालय मावलं आहे. मालकाच्या दिवाणखान्यातून बाहेर पाहिलं की धुरांडी दिसावीत, अशीच ती रचना. रुचीचा प्रश्न आला की आमचं मत विचारू नका. सोनेरी मुलाम्यात आणि आरशांत या घराने हात आखडता घेतलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीत गिरणी सरकारजमा झाली. आणि इथे एक गोष्ट घडली, जिच्यासाठी या आवारात पाच मिनिटं जास्त थांबायला हवं.

डिसेंबर 1970 मध्ये सरकारने अन्नधान्याच्या, मांसाच्या किमती वाढवल्या. बाल्टिक किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी संप केला, त्यांच्यावर गोळ्या चालवल्या गेल्या, कितीतरी माणसं मेली. पक्षाचा नेता बदलला, पण भाववाढ तशीच राहिली. फेब्रुवारी 1971 मध्ये वूचच्या गिरण्यांनी माग थांबवले. या गिरण्यांत कामाला मुख्यतः बायका होत्या. तीन पाळ्यांत काम करायचं, सुटल्यावर दुकानासमोर रांग लावायची, मग घरी चूल. पंतप्रधान स्वतः वूचला आले. बायका बधल्या नाहीत. काही दिवसांतच सरकारने भाववाढ मागे घेतली. ज्या राजवटीने गोदी कामगारांवर गोळ्या चालवल्या, ती राजवट सूत कातणाऱ्या बायकांपुढे नमली.

आपल्याकडे गिरणी कामगार म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो कोकणातून आलेला, खाणावळीत जेवणारा पुरुष. वूचमध्ये त्या जागी डोक्याला रुमाल बांधलेली बाई आहे. आणि 18 जानेवारी 1982 ला मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपाचं काय झालं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला वूचच्या बायकांचा हा विजय थोडा चटका लावूनच जाईल.

विजय तसा टिकलाही नाही. 1989 मध्ये राजवट कोसळली, सोव्हिएत बाजारपेठ गेली, आणि 1990 च्या दशकात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पोझ्नान्स्कीची गिरणीही. 2006 साली त्या 27 हेक्टर आवारात मानुफाक्तुरा नावाचा मॉल, चित्रपटगृहं, संग्रहालय असा पसारा उघडला. म्हणजे शेवटी मॉलच. पण इमारती उभ्या आहेत. सूतगिरणीत हॉटेल आहे, आणि आग विझवण्यासाठी छतावर पाण्याची जी टाकी होती तिथे पोहण्याचा तलाव केला आहे. विणाईच्या इमारतीत, आपल्या भाषेत साचेखात्यात, आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. लोअर परळला फिनिक्स मॉलच्या आवारात उभं राहिलं की धुरांडं दिसतं, बाकी गिरणी मनातल्या मनात बांधावी लागते. इथे तशी वेळ येत नाही.

रस्ता ओलांडला की पोझ्नान्स्कीच्या कामगारांच्या फामुवी आहेत. क्शेंझी म्विनपेक्षा उंच, काळवंडलेल्या. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही. डागडुजीला अलीकडे सुरुवात झाली.

(दृश्य : राडेगास्ट. लाकडी स्टेशन, मालगाडीचे डबे. संगीत थांबतं.)

दुसऱ्या महायुद्धाआधी शहरातला साधारण दर तिसरा माणूस ज्यू होता. 1939 मध्ये जर्मन आले, शहराचं नाव बदललं. उत्तरेकडच्या बावुती या गरीब वस्तीला कुंपण घालून एप्रिल 1940 मध्ये एक लाख साठ हजार ज्यू आत कोंडले. हाच घेट्टो. कापडाच्या या शहरात घेट्टोलाही शिवणकामाला जुंपलं गेलं. उपाशी माणसांनी जर्मन सैन्याचे गणवेश शिवले. काम केलं तर जगू, ही आशा. सप्टेंबर 1942 मध्ये दहा वर्षांखालची मुलं, म्हातारी आणि आजारी माणसं हेल्मनोच्या मृत्युछावणीत नेली गेली. ऑगस्ट 1944 मध्ये उरलेल्यांना ऑशविट्झला.

त्या गाड्या या राडेगास्ट स्टेशनातून सुटायच्या. स्टेशन तसंच ठेवलं आहे, शेजारी काँक्रीटचा लांब बोगदा, आणि त्यात नावांच्या याद्या. प्रवेश विनामूल्य आहे. इथून फार लांब नसलेली ज्यू दफनभूमी युरोपातल्या सर्वांत मोठ्या दफनभूमींपैकी एक. पोझ्नान्स्कीचं घुमटाकार थडगं तिथे आहे, आणि पलीकडे घेट्टोत मेलेल्या हजारोंना पुरलेलं मोकळं मैदान.

(दृश्य : प्योत्रकोव्स्का रस्ता, दुपार. सायकलरिक्षा जाते.)

वॉर्सॉ युद्धात बेचिराख झालं, वूच बऱ्यापैकी शाबूत राहिलं. म्हणून युद्धानंतर काही काळ देशाचा कारभार बराचसा इथून चालला, आणि म्हणूनच 1948 मध्ये फिल्म स्कूल इथे निघालं. तेही एका गिरणीमालकाच्या बंगल्यात. आंजेय वायदा, रोमान पोलान्स्की, क्षिश्तोफ किश्लोव्स्की, हे सगळे दिग्दर्शक इथले विद्यार्थी. बंगल्यातल्या लाकडी जिन्यावर बसून गप्पा मारायची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. फिल्म सोसायटीत वाढलेल्या मराठी माणसाला तो जिना म्हणजे तीर्थक्षेत्रच. रेमॉन्ट या पोलिश लेखकाने या शहराच्या गिरणीमालकांवर कादंबरी लिहिली होती. वायदाने 1975 मध्ये तिचा सिनेमा केला आणि चालू गिरण्यांत चित्रीकरण केलं. पुढे अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच इथल्या पडक्या कारखान्यांचे फोटो काढत हिंडला.

कलेचं संग्रहालय तर याहून जुनं. स्त्शेमिन्स्की हा चित्रकार, पहिल्या महायुद्धात एक हात आणि एक पाय गमावलेला. त्याने आणि त्याच्या मित्रांनी लेजे, आर्प, श्विटर्स अशा युरोपातल्या आधुनिक कलावंतांकडून चित्रं मागून आणली आणि 1931 मध्ये या गिरणगावात ती लोकांना बघायला ठेवली. 1948 मध्ये त्याने संग्रहालयातली एक अख्खी खोली लाल, निळ्या, पिवळ्या चौकोनांनी रंगवली. दोन वर्षांत सरकारने ती पुसली आणि त्याला नोकरीवरून काढलं. 1952 मध्ये तो गेला. 1960 मध्ये त्याच्या शिष्याने ती खोली पुन्हा रंगवली.

आणि हा प्योत्रकोव्स्का. चार किलोमीटरहून लांब, उत्तरेकडच्या पट्ट्यात फारशी वाहनं नाहीत. पाय दुखले तर सायकलरिक्षा करा. हो, रिक्षाच, इथेही तोच शब्द. कवी युलियान तुविम ब्राँझचा होऊन बाकावर बसलाय. नाक चोळून चोळून लोकांनी चकचकीत केलंय. पुढे आर्थर रुबिनस्टाइन पियानोवर. तो इथलाच, 1887 चा जन्म.

पण रस्त्याची खरी मजा रस्त्यावर नाही, आतल्या चौकांत आहे. कमानीतून आत शिरायला लाजू नका. क्रमांक तीनच्या आत योआना रायकोव्स्का या कलावतीने भिंतीच्या भिंती आरशाच्या तुकड्यांनी मढवल्या आहेत. तिच्या मुलीला लहानपणी डोळ्यांचा कर्करोग झाला होता, तुकड्यातुकड्यांनी दिसणारं जग तिथून आलं. आणखी दक्षिणेला एका जुन्या कापड कारखान्यात खानावळी आणि बार आहेत, तरुण मंडळी रात्री तिथेच. शेवटी गायरची पांढरी गिरणी. तिथे आता वस्त्रोद्योगाचं संग्रहालय आहे. जुने माग बघायचे तर तिथे जा.

(दृश्य : बार म्लेच्ननी. ताटात वाफाळलेलं सूप.)

शहर स्वस्त का, तर गिरण्या गेल्या आणि माणसंही गेली. 1980 च्या दशकाअखेर वस्ती साडेआठ लाखांच्या वर होती, आता साडेसहा लाखांच्या आसपास. पर्यटकांची झुंबड नाही, त्यामुळे प्राग-क्राकोच्या मानाने खोलीचं भाडं कमी. पोलंडमध्ये युरो नाही, झ्लोटी चालतो; एका झ्लोटीला साधारण पंचवीस रुपये धरून हिशेब करा. व्हिसा शेंगेनचाच.

जेवायला ‘बार म्लेच्ननी’ शोधा. कम्युनिस्ट काळापासूनच्या या साध्या खानावळी. ताट स्वतः उचलायचं, स्वतः ठेवायचं. गिरणी कामगारांचं सूप म्हणजे झालेवायका, आंबवलेल्या राईच्या पिठाचं, बटाटे घातलेलं. आंबील पिणाऱ्याला त्याची आंबट चव लगेच आवडेल. शाकाहारी असाल तर सॉसेज नको असं आधी सांगा. किंवा बटाटा-पनीरचे प्येरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, घ्या, फक्त वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालू नका म्हणून बजावा.

मे ते सप्टेंबर हा बरा काळ. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधार पडतो आणि कोळशाच्या शेगड्यांचा धूर जाणवतो. काही गल्ल्या कळकट आहेत, रस्ते कुठे ना कुठे खणलेले असतात. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद, तेव्हा मंगळवार ते गुरुवार गाठा. वॉर्सॉहून एका दिवसात उरकता येतं असं कोणी सांगेल, ऐकू नका. दोन मुक्काम करा : एक दिवस गिरण्यांना, एक बावुती आणि राडेगास्टला, आणि संध्याकाळी दोन्ही दिवस प्योत्रकोव्स्कावर.