सरांचा पाय धरायचा कसा?

(सकाळचं मैदान. धुकं. फक्कीचा डबा, शिंपडलेल्या पाण्याने काळपट झालेला मुरूम.)

जानेवारीचा दुसरा आठवडा. नागपुरात या दिवसांत सकाळी साडेसहाला खिशातून हात बाहेर काढणं जिवावर येतं, आणि हे गृहस्थ उघड्या हाताने फक्की ओढताहेत. आधी मध्यरेषा, मग दोन्हीकडची निदान रेषा, मग बोनस. हातात टेप नाही, सगळं पावलांवर. पुरुषांच्या कबड्डीला लागतं तसं १३ बाय १० मीटरचं मैदान इथे मावत नाही, कारण कोपऱ्यातला कडुलिंब आड येतो. म्हणून लहान गटाचं, ११ बाय ८ चं.

हे या शाळेचे पीटी सर. शाळा महालातली, मराठी माध्यमाची. विदर्भातल्या कित्येक पीटी सरांसारखे हेही अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. तिथल्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली होती. सरांना हे सांगायला फार आवडतं, आणि ही गोष्ट मुलांची आता पाठ झाली आहे.

आज गॅदरिंगच्या आठवड्याचा शेवटचा खेळाचा दिवस. सकाळभर तुकड्या आपसात भिडतील. नंतर जिंकलेल्या तुकडीशी खेळायला उतरतील शिक्षक.

(वर्गावर्गाचा आरडाओरडा. ताटल्या, डबे वाजवणारी पोरं.)

तुकड्यांचे सामने भराभर उरकतात. आठवी 'अ'ची लंगडी, सातवीची रस्सीखेच. रस्सीखेच १९०० ते १९२० या काळात ऑलिंपिकमध्ये होती, हे या पोरांना सांगून पाहिलं. एकाने विचारलं, "मग काढून कायले टाकली?" उत्तर आमच्याकडे नव्हतं, आणि ऐकायला तोही थांबला नाही.

मध्येच खेळ थांबतो. संक्रांत तोंडावर आलेली, त्यामुळे आकाश पतंगांनी भरलेलं. एक कटलेला पतंग गिरक्या घेत थेट मैदानात उतरतो. "ओऽऽ काट!" प्रेक्षक तर प्रेक्षक, चढाईला गेलेला गडीसुद्धा दम सोडून त्याच्यामागे धावतो. पीटी सर शिट्टी फुंकत राहतात. पतंग पाचवीतल्या एका मुलीच्या हाती लागतो. गडी बाद.

(खो-खोचं मैदान. मुली आणि शिक्षिका.)

शिक्षकांची पहिली लढत खो-खोची. नववीच्या मुली विरुद्ध सगळ्या मॅडम. गेल्या वर्षी, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८–४० असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तेव्हापासून या शाळेतल्या मुली खांबाला वळसा मारताना जरा जास्तच झुकतात, असं पीटी सरांचं निरीक्षण.

मॅडम पाठलागाला बसतात. पाटीवर आठ जणी, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. निदान तसं असायला हवं. इतिहासाच्या मॅडम शेजारणीशी बोलत बोलत तिच्याच बाजूला तोंड करून बसल्या आहेत. खो द्यायचा तो मागून, हात लावून, आणि त्याच क्षणी तोंडाने म्हणून. मराठीच्या मॅडम समोरून खो देतात, वर "अगं ऊठ ना!" असंही म्हणतात. फाऊल. नऊ मिनिटांचा डाव इथे चारवर आणला आहे. त्या चार मिनिटांत एकच मुलगी बाद होते. तीही हसता हसता पाय घसरून.

मॅडमना याचं दुःख नाही. ओढण्या कमरेला बांधून, धापा टाकत त्या कडुलिंबाखाली बसतात आणि पुढची दहा मिनिटं पंचांवर तोंडसुख घेतात.

(कबड्डी. मैदानाच्या कडेला चपला-बुटांची रांग.)

आम्ही आलो होतो ते मात्र याच्यासाठी. नववी 'ब' विरुद्ध शिक्षक, कबड्डी.

शिक्षकांच्या संघात गणिताचे सर, विज्ञानाचे सर, हिंदीचे सर, चित्रकलेचे सर, दोन क्लार्क आणि शाळेचे शिपाईकाका. शिपाईकाका संघातले सर्वांत चपळ, हे सगळी शाळा जाणते. पुरुषांच्या अधिकृत स्पर्धेत ८५ किलोंच्या वर वजन चालत नाही. तो नियम इथे लावला तर संघात चौघेच उरतील, असं एक क्लार्क स्वतःच सांगतात.

पहिली चढाई गणिताच्या सरांची. या सरांचा वर्गात दरारा आहे. वर्गाकडे पाठ न करता फळ्यावर लिहिणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. ते मध्यरेषा ओलांडतात. "कबड्डी, कबड्डी..." आणि समोरची सात पोरं एकदम मागे सरकतात. आणखी मागे. थेट शेवटच्या रेषेपर्यंत. कोणी साखळी धरत नाही, कोणी झेप घेत नाही. सर आरामात जातात, हजेरी घ्यावी तसे एकाच्या खांद्याला, दुसऱ्याच्या मनगटाला हात लावतात आणि परत येतात. दोन गुण.

पुढच्या चढाईत तर कमालच. विज्ञानाच्या सरांना बगल देताना एका मुलाचा पाय त्यांच्या पायाला लागतो. मुलगा तिथेच वाकतो, सरांना हात लावतो आणि तो कपाळाला नेतो. भर चढाईत नमस्कार! सर त्याच्या टाळूवर टपली मारून मध्यरेषेपलीकडे. मैदान हसून लोळतं. शिक्षक ९, नववी 'ब' १.

पीटी सर खेळ थांबवतात आणि पोरांना गोळा करतात. आमचा माइक जवळच होता.

"का करून राहिले बे तुम्ही?"

कोणी बोलत नाही. मग एक जण खाली बघत म्हणतो, "सर, गणिताच्या सरांचा पाय कसा धरायचा?"

"कसा म्हणजे? घोट्यापाशी. दोन्ही हातांनी."

शालेय क्रीडा स्पर्धांत ही पोरं अशी नसतात. तिथे १४, १७, १९ वर्षांखालचे गट, मनपा क्षेत्रातून विभाग, विभागातून राज्य अशी चढण, आणि दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे गुण. समोरचा गडी कोण, याच्याशी देणंघेणं नसतं. आजच्या सामन्याला ना प्रमाणपत्र, ना गुण, ना पुढची फेरी. तरी यांचे हात उचलत नाहीत. आम्हाला विचाराल तर यात नुसता आदर नाही, थोडी भीतीही आहे. सोमवारी पूर्वपरीक्षेसारखीच चाचणी आहे आणि पेपर याच सरांनी काढला आहे.

(उत्तरार्ध. धूळ.)

सात मिनिटांचा दुसरा डाव. गणिताचे सर पुन्हा चढाईला. ३० सेकंदांचा दम आता त्यांच्या छातीत मावत नाही. "कबड्डी, कबड्..." ते डाव्या कोपऱ्यात शिरतात. तिथे एक सडपातळ मुलगा उभा आहे. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसतो, आणि वर्गशिक्षिका सांगतात की वर्षभरात त्याने एकदाही हात वर केलेला नाही.

तो खाली वाकतो. घोटा. दोन्ही हातांनी.

क्षणभर सगळं मैदान गप्प. मग उरलेले सहाही धावतात. सर आडवे. पण माणूस जिद्दीचा, धुळीत सरपटत हात मध्यरेषेकडे ताणतो. शिट्टी. पीटी सरांचा हात पोरांच्या बाजूने. गडी बाद!

त्यानंतर काय झालं ते विचारू नका. पोरं सुटलीच. हिंदीचे सर, दोन्ही क्लार्क, चित्रकलेचे सर, एकेक करून बाहेर. शेवटी एकटे शिपाईकाका उरले. त्यांनी दोन चढाया तारून नेल्या. तिसरीत लोण. नववी 'ब' २३, शिक्षक १९.

(मैदान रिकामं. फक्कीच्या रेषा पुसट. कॅमेऱ्याभोवती चारपाच जण.)

आम्ही सामान आवरत असताना गणिताचे सर आले. गुडघा खरचटलेला, शर्टाचं एक बटण गेलेलं, पायात अजून चप्पल नाही.

"ती पकड पुन्हा दाखवता का? माझी बोटं रेषेला लागली होती."

आम्ही चित्रफीत मागे नेली. हात ताणलेला दिसतो, रेषा दिसते, मधे धूळ. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "बघा, इथे. लागली आहेत."

त्यांच्या खांद्यामागून तो शेवटच्या बाकावरचा मुलगा डोकावत होता.

"नाही लागली, सर."

सरांनी वळून पाहिलं.

"दोन बोटांचं अंतर होतं," तो म्हणाला. "मी पाहिलं."

"परत लावा बरं," सर आम्हाला म्हणाले. मुलाला जागा करून द्यायला ते थोडे बाजूला सरकले.